देखाव्याची किंमत कोणी मोजावयाची?

विजेच्या मनोऱ्यांमुळे खेड्यांचा देखावा बिघडतो, अशी तक्रार निघाली की पुरोगामी म्हणविणारी मंडळीही ती हसून उडवून लावतात. ‘उपाशी माणसाला देखाव्याचे काय?’ असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल वरकरणी क्रांतिकारक वाटतो. वस्तुतः तो उद्दाम आहे. ज्या शिवारात शेतकऱ्याच्या पिढ्या राबल्या, ते शिवार त्याला डोळे भरून पाहताच येत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते.

खरा प्रश्न कोणाच्या डोळ्यांना किंमत आहे, हा आहे. इंग्लंडमध्ये १९२९ साली साउथ डाउन्सच्या टेकड्यांवरून मनोरे नेण्यास केन्स, किपलिंग, गॉल्सवर्दी प्रभृतींनी जाहीर पत्राने विरोध केला. तरीही मनोरे उभे राहिले. अलीकडे, २०२२ साली, डॉर्सेटच्या संरक्षित निसर्गप्रदेशातील २२ मनोरे उतरवून जवळजवळ नऊ किलोमीटरची वाहिनी जमिनीखाली नेण्यात आली. अशा कामांचा खर्च वीजग्राहकांच्या बिलांतून निघतो. म्हणजे नामांकित टेकड्यांच्या देखाव्यासाठी औद्योगिक शहरातला मजूरही पैसे मोजतो. त्याच्या खिडकीसमोरचा मनोरा मात्र जागचा हलत नाही.

आपल्याकडे देखाव्याची गोष्ट दूरच, संमतीचीही वानवा आहे. मुंबईच्या विजेसाठी मुळशीची गावे बुडविण्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला. शंभर वर्षांनंतरही न्याय तोच आहे. २००३ च्या वीज कायद्याचे कलम १६४ वाहिनी टाकणाऱ्या कंपनीला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देण्याची मुभा देते. तो परकीय अमदानीतला कायदा रद्द करणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही वीजवाहिन्यांपुरते हे अधिकार राखून ठेवले. जमिनीची मालकी शेतकऱ्याची, वापर कंपनीचा! जून २०२४ मध्ये केंद्राने मनोऱ्याखालील जमिनीसाठी मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचविली. परंतु सूचना म्हणजे हक्क नव्हे, आणि एकदाच मिळालेली रक्कम म्हणजे कायमचा न्याय नव्हे.

मनोरेच नकोत, असे समाजवादी म्हणणार नाहीत. खेड्यातल्या पंपालाही वीज लागतेच. मात्र मार्ग ठरण्यापूर्वी नकाशा ग्रामसभेपुढे आला पाहिजे, मनोरा उभा असेतो शेतकऱ्याला वार्षिक भाडे मिळाले पाहिजे, आणि वाहिनी जमिनीखाली न्यावयाची तर तिचा अधिक भार बड्या ग्राहकांनी उचलला पाहिजे. सौंदर्य ही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगाव न्यावी.