अपघात एक, दप्तरे चार



दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. त्याच दिवसांत आमचा कापूस जिनिंगकडे निघतो, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जातात. एवढे सारे ओझे शहादा–दोंडाईचा रस्त्यावर आणि तापीच्या पुलावर येते. अशा रस्त्यावर अंधारात मोटारसायकल ट्रॉलीवर आदळली, की कागदावरचे कारण ठरलेले असते: 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे'. आरोपी सापडला, फाईल मिटली. वळण आंधळे होते का, साईडपट्टी खचली होती का, हे कोणी विचारीत नाही.

देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक. चूक काय दर वेळी चालवणाऱ्याचीच?

माहिती सरकारजवळ नाही असे नाही. ठाण्यात फिर्याद आहे, १०८ च्या गाडीकडे वेळ आणि जागा आहे, सरकारी दवाखान्यात जखमीचा कागद आहे, कृषी खात्याकडे गोपीनाथ मुंडे योजनेतील २ लाखांच्या मदतीचा अर्ज आहे. २०२१ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत 'आयरॅड' ही संगणकीय नोंद सुरू झाली. पोलीस जागेवरून मोबाईलमध्ये माहिती भरतात. बांधकाम, परिवहन व आरोग्य खात्यांनी त्यात आपली भर घालायची. कल्पना चांगली. पण सुरुवात होते पोलिसांच्या नोंदीपासून. जखमीला जीपमध्ये घालून खासगी डॉक्टरकडे नेले, फिर्याद झाली नाही, तर तो मोजलाच जात नाही.

याचे नुकसान समजून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. दोन जखमी नोंदीतून सुटले, की पाचाचे तीन होतात. जागा यादीत नाही, म्हणून दुरुस्ती नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरल्या मानकांप्रमाणे न केल्याने कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड आहे. पण रस्त्याला आरोपी करायचे तर एकाच जागी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा काय घडते हे दाखवावे लागेल. एका फिर्यादीत ते दिसत नाही. चारी दप्तरे शेजारी मांडली तरच दिसते.

आमचेही चुकते. ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ज्वारी डांबरावर वाळत घालतो. चाकाला लावलेले दगड रस्त्यातच सोडून जातो. हे आधी बंद करू, मग सरकारला जाब विचारू.

प्रत्येक गावाने ३ वर्षांतल्या अपघातांची यादी करावी: तारीख, वेळ, कोणत्या शेताजवळ, कोणते वाहन, उपचार कुठे झाले, फिर्याद झाली का. ही यादी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवू. मागणी एकच: चारी खात्यांचे कागद आमच्या यादीशी ताडून पाहा आणि जागा जाहीर करा.

शेतमालाचा हिशोब आम्ही मागतो. मग आमच्या माणसांचाही मागितला पाहिजे.