विश्लेषण : मेंदूच्या स्कॅनवर पीएच.डी. करायची आहे? गुणांआधी यंत्र आणि पैसा का तपासावा?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन मेडिकल स्कूलने पीएच.डी.साठी दिलेले प्रवेश मागे घेतले. अर्ज, मुलाखती, निवड सगळे पार पडले होते. अडले ते पैशावर. महिनाभर आधी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे ‘एनआयएच’ने, संशोधन अनुदानासोबत विद्यापीठांना मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली होती. न्यायालयाने ती रोखली. पण पुढच्या वर्षी हातात किती पैसा असेल याची खात्री उरली नाही आणि अनेक विद्यापीठांनी जागा कमी केल्या.

मेंदूचे स्कॅन काढून त्यांवर संशोधन करणाऱ्या ‘ब्रेन इमेजिंग’ या शाखेला अशा अनिश्चिततेची झळ लवकर बसते. एमआरआय यंत्राची किंमत कोटींत असते, त्यातला चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागते आणि संशोधकाला यंत्र तासांच्या हिशेबाने मिळते. अनुदान आटले की आधी हे तास कमी होतात. म्हणूनच या विषयात अर्ज करणाऱ्याने विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा दोन गोष्टी आधी पाहायला हव्यात : यंत्रावर वेळ कोणाला आणि किती मिळतो, आणि मार्गदर्शकाचे अनुदान किती वर्षांचे आहे.

डॉक्टर असणे गरजेचे आहे का?

नाही. ‘फंक्शनल एमआरआय’ विचार टिपत नाही. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तिथल्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण बदलते आणि हा बदल चुंबकीय क्षेत्रात मोजता येतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे तत्त्व मांडले. हा संकेत काही सेकंद उशिरा येतो, क्षीण असतो आणि डोके जरा हलले तरी बिघडतो. त्यामुळे पीएच.डी.ची बरीचशी वर्षे स्कॅनरजवळ नव्हे, संगणकापुढे जातात. भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र यांतून आलेले विद्यार्थी इथे खपतात, कारण खरी गरज आकडेमोडीची आहे.

ती किती आहे हे एका मेलेल्या माशाने दाखवून दिले. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मृत सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करता विश्लेषण केले तेव्हा माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळाले, पण इशारा गंभीर होता. पुढे २०२० मध्ये ‘नेचर’मधल्या एका अभ्यासात एकच डेटा ७० गटांना दिला गेला, तेव्हा नऊ गृहीतकांपैकी अनेकांवर त्यांची उत्तरे जुळली नाहीत. मुलाखतीत हे प्रश्न निघतात. ‘मला मेंदूबद्दल लहानपणापासून कुतूहल आहे’ या वाक्याने तिथे काम भागत नाही.

यंत्र नसेल तर अनुभव कुठून आणायचा?

भारतात बहुतेक एमआरआय यंत्रे रुग्णालयांत आहेत आणि तिथे रुग्णाचा हक्क पहिला, ते योग्यच आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला स्कॅनरला हात लावायला मिळणे अवघड. पण गेल्या काही वर्षांत ही अडचण पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. ‘ओपनन्यूरो’वर जगभरच्या प्रयोगांचे स्कॅन मोफत उतरवून घेता येतात. अमेरिकेच्या ‘ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ने सुमारे १,२०० तरुणांचा डेटा संशोधकांना खुला केला आहे. ‘यूके बायोबँक’ने जुलै २०२५ मध्ये एक लाखाव्या स्वयंसेवकाचे स्कॅनिंग पूर्ण केले, मात्र तो डेटा संस्थेमार्फत अर्ज करून आणि शुल्क भरूनच मिळतो. विश्लेषणाची ‘एसपीएम’, ‘एफएसएल’, ‘फ्रीसर्फर’ ही सॉफ्टवेअर शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

बरा लॅपटॉप आणि पायथन येत असेल, तर कोल्हापूर किंवा नांदेडमधला विद्यार्थीही एखाद्या प्रसिद्ध शोधनिबंधातले विश्लेषण पुन्हा करून पाहू शकतो. निष्कर्ष तसाच आला नाही तर का आला नाही हे लिहून काढू शकतो. अशी दोन पाने आणि सोबतचा कोड अर्जात जोडणे हे नुसत्या शिफारसपत्रापेक्षा जास्त बोलते.

भारतात दारे कोणती?

हरियाणातल्या मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ आणि भारतीय विज्ञान संस्था ही ठळक नावे. सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ‘जेजीईईबिल्स’ यांपैकी काय चालते ते संस्थेनुसार ठरते. जून २०२४ पासून नेटमध्ये ‘फक्त पीएच.डी. प्रवेश’ असाही गट आहे. त्यात परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, गुण एक वर्ष चालतात, पण फेलोशिप मिळत नाही. ही शेवटची गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि नंतर ४२ हजार, शिवाय घरभाडे भत्ता. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, पण त्यांच्या जागा आणि वेळेवर पैसे यांसाठी विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. तेव्हा केवळ त्यांच्या भरवशावर घर सोडणे जोखमीचे.

अमेरिका सोडून कुठे?

नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पीएच.डी. ही पगारी नोकरी असते. नायमेखनची डॉन्डर्स संस्था किंवा लाइपझिगची माक्स प्लांक संस्था यांच्या जागांच्या जाहिराती निघतात, त्यात प्रकल्प आधीच ठरलेला असतो. ब्रिटनमध्ये लंडन आणि ऑक्सफर्ड ही या विषयाची जुनी ठाणी. तिथे प्रवेश मिळणे आणि निधी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क बरेच जास्त असते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा आधार घेता येतो.

अमेरिकेचा नाद सोडावा असे नाही. न्यूरोसायन्सच्या अनेक कार्यक्रमांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत फिरून मार्गदर्शक निवडता येतो, हा मोठा फायदा आहे. मानसशास्त्र विभागांत मात्र बहुधा अर्जाच्या वेळीच मार्गदर्शक ठरतो. अर्जांची मुदत बरेचदा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, म्हणून प्राध्यापकांना ई-मेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवी. त्या ई-मेलमध्ये त्यांच्या एका निबंधाबद्दलचा नेमका प्रश्न असावा आणि यंदा विद्यार्थी घेणार का, कोणत्या निधीतून, हेही सरळ विचारावे. पैशाबद्दल विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, तिकडे ते अपेक्षित असते. प्रयोगशाळेतल्या एखाद्या चालू विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्न विचारावा : गेल्या वर्षात स्कॅनरवर किती तास मिळाले?