पाणी सायलेन्सरात नव्हे, टाकीत मोजा

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत निफाडच्या बाजूला चुलतभावासाठी एक जुनी डिझेल पिकअप बघायला गेलो होतो. द्राक्षाचा हंगाम तोंडावर होता, गाडी लगेच हवी होती. सकाळी सातला सेल्फ मारला आणि मिनिटभरात सायलेन्सरच्या तोंडातून टपटप पाणी सुरू झालं. खाली मातीवर रुपयाएवढा काळपट डाग पडला. एजंट म्हणाला, "पाणी टाकतीय म्हणजे इंजिन एक नंबर आहे, दादा." सोबत नेलेले फिटर उकिडवे बसले, थेंब बोटावर घेऊन म्हणाले, "हेड गॅस्केट उडालंय. हेड उतरवल्याशिवाय भागायचं नाही."

एकाच थेंबावरून निघालेले हे दोन निकाल महाराष्ट्रातल्या कुठल्याही टेम्पो अड्ड्यावर ऐकायला मिळतात. माझं म्हणणं असं की दोन्ही चूक आहेत, आणि त्यांच्यापायी गरजू माणसांचे पैसे बुडतात.

एजंटचा दावा आधी घेऊ. डिझेल असो वा पेट्रोल, इंधनात हायड्रोजन असतोच. तो हवेतल्या प्राणवायूबरोबर जळला की पाणी तयार होतं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. गाडी बाराचं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर दर बारा किलोमीटरला लिटरभर पाणी ती रस्त्यावर सोडते. गरम असल्यामुळे ते दिसत नाही, एवढंच. पहाटे सायलेन्सरचा पत्रा गार असतो. भाताच्या झाकणाला आतून घाम सुटतो तसा तो पत्र्याला सुटतो आणि तोंडाशी थेंब जमतात. हे चांगल्या इंजिनात होतं, तसंच रिंगा झिजलेल्या इंजिनातही होतं. थंडीत तोंडातून वाफ पैलवानाच्याही निघते आणि आजाऱ्याच्याही. तेव्हा पाणी येतं म्हणून इंजिन उत्तम, हे म्हणणं निराधार आहे. इंधन जळतंय, यापलीकडे त्या थेंबातून काही कळत नाही.

सीएनजीच्या टेम्पोत तर पाणी जास्तच दिसतं, कारण सीएनजी म्हणजे बहुतांश मिथेन आणि एक किलो मिथेन जळून सव्वादोन किलो पाणी होतं. डिझेल गाडी विकून सीएनजी घेतलेले कितीतरी चालक पहिल्या हिवाळ्यात यामुळेच घाबरतात.

फिटरचा पक्ष मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही. ते विचारतात, पेट्रोलचं, सीएनजीचं ठीक, पण डिझेलला एवढं पाणी का? प्रश्न रास्त आहे. डिझेल इंजिन गरजेपेक्षा खूप जास्त हवा ओढतं, त्यामुळे धुरातली वाफ विरळ होते आणि थेंब कमी दिसतात. डिझेल गाडी तापूनही पाणी टाकतच राहिली, तर शंका घ्यायलाच हवी. पण शंका म्हणजे निदान नव्हे. नुसती उभी ठेवून रेस दिली तर डिझेलचा लांबलचक सायलेन्सर पुरता तापत नाही. रोज चार-पाच किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचं कालचं, परवाचं पाणी त्यात पडून असतं. "अर्धा तास चालू ठेवली तरी थेंब थांबेनात" हा पुरावा म्हणूनच कच्चा. गाडी लोड घालून वीस-पंचवीस किलोमीटर पळवा, एखादा चढ चढवा, मग नळीच्या तोंडाशी कोरा कागद धरा.

दुसरी समजूत अशी की पाण्याला रंग नाही, गोडसर वास नाही, म्हणजे ते कूलंट नाही. ही आपल्याकडे विशेष घातक आहे. कूलंटमधल्या ग्लायकॉलचा वास गोड असतो आणि त्याचा पांढरा धूर हवेत रेंगाळतो, साधी वाफ चटकन विरते, हे सगळं खरं. पण जुन्या मालवाहू गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंट असतंच असं कुठे आहे? ढाब्यावरच्या टाकीतलं, विहिरीचं, बोअरचं, जे हाताशी असेल ते पाणी त्यात ओतलेलं असतं. त्याला ना रंग ना वास. उलट बोअरच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात, गाडी तापते, तापून हेड वाकतं आणि गॅस्केट खरोखरच जातं. म्हणून रेडिएटरच्या तोंडात बोट फिरवून बघा. पांढरा थर लागला तर गाडीने कूलंट पाहिलेलं नाही. आणि पिवळी पूड चिकटली तर गळती थांबवायला हळद टाकलेली आहे. हा आपल्या रस्त्यांवरचा जुना उपाय. ती हळद मला शंभर थेंबांपेक्षा जास्त बोलकी वाटते. हे बोट इंजिन पूर्ण गार असतानाच घालायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं.

मग खरं-खोटं कसं करायचं? जे पाणी बाहेर पडतंय ते इंजिनच्या पोटातलं असेल, तर पोटातलं पाणी कमी व्हायलाच हवं. माझा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे. गार गाडीत कूलंटच्या टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा, रेडिएटर तोंडापर्यंत भरलाय का पाहा. आठवडाभर रोज सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, तीच रेघ बघा. पातळी जागची हलली नाही तर सायलेन्सरातलं पाणी इंधनाचं आहे, गाडीला हात लावू नका. पातळी उतरली आणि बाहेर कुठे होज, वॉटर पंप, रेडिएटर गळताना दिसत नसेल, तर फिटरचं भय खरं ठरायच्या वाटेवर आहे.

तिथेही थेट हेडवर जायचं नाही. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. हातपंपाने गार गाडीला तेवढा दाब द्या आणि काटा उतरतो का पाहा. निळ्या द्रवाची चाचणी मिळते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची, त्यात जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. म्हणजे सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. या चाचण्यांना तास-दोन तास लागतात. हेड उतरवायला दिवस जातो, बसवायला दुसरा, फेसिंगचा वेगळा, आणि अनेक इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

अलीकडच्या डिझेल गाड्यांत आणखी एक जागा आहे, आणि बरेच फिटर ती विसरतात: ईजीआर कूलर. जळलेला धूर थोडा गार करून पुन्हा इंजिनात पाठवायचा, यासाठी हा डबा असतो. त्याच्या आतल्या नळ्यांतून धूर जातो, बाहेरून कूलंट खेळतं. त्याला तडा गेला की कूलंट धुराच्या वाटेत उतरतं, पांढरा धूर निघतो, टाकी रिकामी होत जाते आणि हेड मात्र ठणठणीत असतं. अशा गाडीचं हेड उघडून काहीही सापडत नाही. मोठ्या बीएस-६ ट्रकमध्ये युरियाच्या द्रावणाचा, म्हणजे डीईएफचा फवाराही सायलेन्सरच्या वाटेत असतो. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी. तो फवारा गळत असेल तर वाटेत पांढरे खडे साचतात.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की अनेकजण हबकतात. थंडीत कमी पळणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते. ऑइलची पट्टी ओढून बघा. पट्टीवरचं ऑइलही चहाच्या रंगाचं झालं असेल, तर मात्र गाडी चालवू नका. आणि एका बाबतीत मी फिटरच्या पूर्ण बाजूने आहे. पातळी रेघेखाली गेली आहे आणि सकाळी सेल्फ मारताच इंजिन धाडकन अडकलं, तर दुसऱ्यांदा सेल्फ नको, धक्काही नको. रात्रभर सिलिंडरमध्ये पाणी झिरपलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आमच्या पिकअपचं काय झालं ते सांगतो, कारण त्यात चूक माझीही आहे. हंगामाची घाई म्हणून हेड उतरवायला मीच हो म्हटलं. हेड निघालं तेव्हा चारही पिस्टनवर सारखी काळी, कोरडी काजळी होती. पाणी शिरणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. इथे तसा एकही नव्हता. गॅस्केटची कड कुठेही जळलेली नव्हती. आठ दिवस गाडी उभी राहिली, भावाने द्राक्षं भाड्याच्या गाडीने पाठवली. हेड बसवल्यावर पहिल्याच सकाळी सायलेन्सरातून पुन्हा तसंच पाणी आलं. त्या दिवशी आम्ही टाकीवर रेघ मारली. ती आजही पुसट दिसते, आणि कूलंट तिथेच आहे.

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्याला माझी विनंती एवढीच. सौद्याआधी दोन सकाळी मागा. पहिल्या सकाळी गार गाडीत रेघ मारा, लोड घालून पन्नास किलोमीटर फिरवा, दुसऱ्या सकाळी विकणाऱ्यासमोर टाकी बघा. आठवड्याची खात्री दोन दिवसांत होत नाही, पण मोठी गळती लपत नाही. विकणारा या दोन सकाळी द्यायला तयार नसेल, तर सायलेन्सर कितीही कोरडा असो, ती गाडी घेऊ नका.