छोट्या मत्स्यालयाचे तिकीट कशाचे असते?

१/ समुद्रकिनाऱ्यावरचे लहानसे मत्स्यालय पाहून बाहेर पडणारा बहुधा एकच शब्द उच्चारतो : 'एवढेच?' माझ्या मते इथे माप चुकते. अशा संस्थेचे मोल टाक्या किती आहेत यापेक्षा त्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे काय चालते, यावर ठरते. इटलीतील नेपल्सचा इतिहास याला साक्ष आहे. #धागा

२/ अँटोन डोर्न (१८४०–१९०९) हा डार्विनच्या सिद्धान्ताने भारावलेला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ. १८६८ च्या हिवाळ्यात तो सिसिलीतील मेसिना येथे सागरी जीव अभ्यासत होता. उपकरणे सोबत न्यायची, भाड्याची खोली शोधायची, जीव मिळवण्यासाठी कोळ्यांची मनधरणी करायची. निम्मा काळ यातच सरे. किनाऱ्यावर कायमची प्रयोगशाळा हवी, हा विचार तिथे पक्का झाला.

३/ नेपल्स शहराने समुद्रालगतच्या उद्यानात जागा दिली. १८७२ साली काम सुरू झाले आणि जानेवारी १८७४ मध्ये तळमजल्यावरील मत्स्यालय लोकांसाठी उघडले. खाली मत्स्यालय, वर प्रयोगशाळा. पाणी समोरच्या आखाताचे आणि जीवही त्याच आखातातले.

४/ डोर्नचा हिशेब सरळ होता : नेपल्सला येणारे प्रवासी तिकीट काढतील आणि त्या पैशावर संशोधन चालेल. हा हिशेब पुरा पडला नाही. तिकिटांचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी निघाले. परंतु त्याने मत्स्यालय बंद केले नाही, की प्रयोगशाळाही आवरती घेतली नाही.

५/ त्याने 'टेबले' भाड्याने दिली. एखादे सरकार वा विद्यापीठ वार्षिक शुल्क भरून आपला संशोधक धाडी. त्याला जागा, टाकी, रसायने आणि ताजे पकडलेले जीव मिळत. विषय कोणता घ्यावा, हे मात्र त्याचे त्याने ठरवायचे. त्या काळातील राष्ट्राराष्ट्रांच्या चढाओढीत ही मोकळीक दुर्मीळच म्हणायची.

६/ १८९६ साली हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट झगडून मिळवणारी अमेरिकन आयडा हाइड याच नेपल्समध्ये काम करून गेली. मायदेशी परतल्यावर तिने इतर स्त्रियांच्या साहाय्याने एक संस्था उभारली. उद्देश एकच : नेपल्समधले एक टेबल स्त्री-संशोधकांसाठी राखणे.

७/ फलित काय? काटेरी चेंडूसारख्या सी-अर्चिनच्या अंड्यांवर काम करून थिओडोर बोव्हेरीने दाखवले की प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे असते. ऑटो वारबुर्गने फलनानंतर अंड्याचा प्राणवायूचा वापर कसा वाढतो, हे मोजले. १९५१ च्या वसंतात याच केंद्रातील परिषदेत जेम्स वॉटसनने मॉरिस विल्किन्सकडचे डीएनएचे क्ष-किरण चित्र पाहिले. दोन वर्षांनी दुहेरी सर्पिलाची रचना जगापुढे आली.

८/ त्याच १९५१ साली मुंबईत चर्नी रोडच्या किनाऱ्यावर तारापोरवाला मत्स्यालय राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. रत्नागिरीला तर कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि मत्स्यालय आजही शेजारी-शेजारी नांदतात. डोर्नची कल्पना आपल्याला परकी नाही.

९/ 'मुक्या जीवांना काचेत कोंडावे का?' हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणूनच दूरदेशीचे मासे आणून उभारलेल्या झगमगाटापेक्षा समोरच्याच समुद्रातले मोजके जीव नीट सांभाळणारे मत्स्यालय मला अधिक समर्थनीय वाटते. कोंडण्याची किंमत ज्ञानाने फेडता येत नसेल, तर ते दालन बंद झालेलेच बरे.

१०/ म्हणून 'उत्पन्न किती?' या एकाच प्रश्नावर अशा जुन्या संस्थांचा निकाल लावू नये. त्या कसोटीवर नेपल्सही आरंभीच नापास झाले असते. पुढच्या वेळी मत्स्यालयात जाल तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना अवश्य विचारा : हे पाणी कुठून येते, हा मासा कुणी पकडला आणि मागच्या खोलीत कोण, काय शोधते आहे? उत्तर मिळाले, तर तिकिटाचे पैसे सार्थकी लागले. मिळाले नाही, तर ते मागत राहणे हे आपले, प्रेक्षकांचे काम आहे.