वर्डप्रेस फुकट आहे, पण फाटकाची चावी कोणाकडे?

9 ते 11 एप्रिल 2026 ला मुंबईत वर्डकॅम्प आशिया होतोय. वर्डप्रेस बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्यांचा हा मेळावा बँकॉक, तैपेई आणि मनिलानंतर पहिल्यांदाच भारतात येतोय. वर्ध्यात बसून आपल्याला त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. तर जगातल्या दर पाचपैकी दोनपेक्षा जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. आपल्या जिल्ह्याची सरकारी साइट एनआयसीच्या ज्या ‘एसथ्रीवास’वर आहे, तीसुद्धा वर्डप्रेसवरच बांधलेली आहे. मी वर्ध्यातून क्लासेस, दवाखाने, डाळ मिल यांच्या साइट सांभाळतो. त्याही सगळ्या वर्डप्रेसच्या. म्हणून गेल्या दीड वर्षात या समुदायात जे घडलं ते समजून घेणं गरजेचं आहे.

भांडण काय होतं?

2003 मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी2’ नावाच्या बंद पडत चाललेल्या सॉफ्टवेअरचा कोड घेऊन वर्डप्रेस सुरू केलं. परवाना जीपीएल, म्हणजे कोड कोणीही वापरा, बदला, वाटा. मुलेनवेग यांची कंपनी ऑटोमॅटिक यावरच मोठी झाली आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनीही.

सप्टेंबर 2024 मध्ये मुलेनवेग यांनी जाहीर आरोप केला, की डब्ल्यूपी इंजिन कमावते भरपूर, पण प्रकल्पाला परत फारच कमी देते. ट्रेडमार्कच्या बदल्यात उत्पन्नाच्या 8% इतकी मागणी झाली. ती मान्य झाली नाही, आणि 25 सप्टेंबरला वर्डप्रेस डॉट ऑर्गने डब्ल्यूपी इंजिनचा रस्ता बंद केला. तिथल्या ग्राहकांना डॅशबोर्डवरून प्लगइनचे अपडेट मिळेनात. या ग्राहकांचा भांडणाशी काडीचा संबंध नव्हता.

12 ऑक्टोबरला तर डब्ल्यूपी इंजिनचं एसीएफ हे प्लगइन डिरेक्टरीत त्याच जागेवर नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं. ते 20 लाखांहून जास्त साइटवर होतं. प्रकरण कोर्टात गेलं. 10 डिसेंबर 2024 ला अमेरिकेतल्या कोर्टाने अंतरिम आदेश देऊन डब्ल्यूपी इंजिनचा रस्ता आणि प्लगइन दोन्ही परत करायला लावलं.

कोड वेगळा, फाटक वेगळं

हे समजायला थोडं आत डोकावू. तुमची साइट दिवसातून साधारण दोनदा वर्डप्रेस डॉट ऑर्गला विचारते, की नवीन काही आलंय का? अपडेट, प्लगइन, थीम, भाषांतरं सगळं तिथूनच येतं. कोड सगळ्यांचा आहे, पण हे संकेतस्थळ मुलेनवेग यांच्या वैयक्तिक मालकीचं आहे.

हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणाऱ्याला हे लगेच कळेल. कापूस तुमचा, गाडी तुमची, पण यार्डाचं फाटक उघडलं नाही तर गाडी रस्त्यावरच उभी. परवान्याने तुम्हाला कापूस दिला, फाटकाबद्दल तो काहीच बोलत नाही.

मुलेनवेग यांचा मुद्दा मात्र खोटा नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरमागे कोणाचे तरी पगारी तास असतात. जानेवारी 2025 मध्ये ऑटोमॅटिकने आपलं योगदान आठवड्याला हजारो तासांवरून सुमारे 45 तासांवर आणलं, तेव्हा नव्या आवृत्त्यांचं वेळापत्रकच लांबलं. मे महिन्यात कंपनी परतली, पण एक गोष्ट सिद्ध झाली. प्रकल्प सगळ्यांचा असला तरी भार एकाच खांद्यावर होता. ज्याच्या खांद्यावर भार, त्याच्याच हातात चावी गेली.

यावर उपाय म्हणून जून 2025 मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ हा प्रकल्प आला. अपडेट एकाच ठिकाणाहून न येता अनेक ठिकाणांहून यावेत, ही त्याची कल्पना. माझ्या मते दिशा बरोबर आहे. पण नवीन फाटक उभारलं तरी ते चालवायला माणसं लागतातच.

मग आपण काय करायचं?

साइट बनवून घेताना डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, डेव्हलपरच्या नाही. बॅकअप होस्टिंगच्या बाहेरही ठेवा. कोणते प्लगइन वापरलेत त्याची यादी मागून घ्या. असा धक्का पुन्हा बसला तर या तीन गोष्टींवर साइट दुसरीकडे उभी करता येते.

आणि जे कोड लिहितात त्यांच्यासाठी: वर्डकॅम्प आशियाचा पहिला दिवस योगदानाचा असतो, सेवाग्राम एक्स्प्रेस रोज मुंबईला जाते. जाणं जमत नसेल तर मराठी भाषांतर घरूनही करता येतं. एखाद्या प्लगइनची 90% वाक्यं मराठीत झाली आणि तपासली गेली, की भाषेचं पॅकेज आपोआप तयार होतं. ते वर्ध्यातल्या दुकानदारालाही मिळतं आणि न्यू जर्सीच्या मराठी मंडळालाही.

आपण भार उचलला नाही, तर चावी कोणाकडे असावी हे सांगायचा हक्कही आपल्याकडे राहत नाही.