भिंतीवरचं भय

घनसावंगीच्या आठवडी बाजाराकडे जाताना भिंतीवर खळीनं चिकटवलेलं ‘पुराना मंदिर’चं पोस्टर आमच्यातल्या काहींना अजून आठवतं. सिनेमा बघायची परवानगी नव्हती. भीती मात्र त्या कागदानंच पुरेपूर दिली.

या अंकाचा विषय आहे हातानं रंगवलेली भयपटांची पोस्टरं. महाबळेश्वरला चित्रित झालेल्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून (१९७२) ‘बंद दरवाजा’पर्यंत (१९९०) रामसे बंधूंच्या सिनेमांनी गावोगावच्या भिंती व्यापल्या. जवळून पाहा: अर्धा चेहरा हिरवा, अर्धा तांबडा, गालावर सुरीनं ओढलेला रंगाचा जाड थर, शीर्षकाची अक्षरं खाली ओघळलेली. ‘दीवार’चं पोस्टर करणाऱ्या दिवाकर करकरेंनी गाजवलेले हे सुरीचे फटकारे. त्याही आधी, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘कल्याण खजिना’साठी (१९२४) पोस्टर रंगवलं होतं. ही परंपरा आपल्या मातीतली आहे, म्हणूनच तिची नोंद मराठीत व्हावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि ती आत्ताच व्हायला हवी. फ्लेक्स आले तसे रंगवणारे हात थांबले, उरलेला कागद वाळवी खाते आहे. त्यामुळे या अंकात सिनेमांच्या कथा कमी आणि कुंचल्याचं, छपाईचं, भिंतींचं बोलणं जास्त आहे. या पोस्टरांनी बाईच्या देहाचा मांडलेला बाजारही आम्ही झाकलेला नाही.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी असं एखादं पोस्टर असेल तर घडी उलगडताना जपा, त्याचा फोटो आणि आठवण आम्हाला नक्की पाठवा.