हळवा घोडा

गेल्या महिन्यात आमच्या घरी नवी रायफल आली. घाबरू नका मंडळी, छऱ्यांची आहे! ४.५ मिलीमीटरच्या या हलक्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. नातू (मुलीचा मुलगा, अकरावीत) नागपूरला नेमबाजी शिकतो. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून या पोराच्या डोक्यात दुसरं काही नाही. सुट्टीत इकडे इटियाडोहला आला की सराव बुडतो, म्हणून ही साधी रायफल. पैसे मी दिले, पेन्शनीतून. अट एकच घातली, पाखरावर रोखायची नाही. आमचा गोंदिया जिल्हा सारसांचा, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा छर्रा लहान की मोठा हे बघत नाही.

तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात त्याने छर्रा घातला, नळी बंद केली, आणि बोट चापाजवळही नसताना छर्रा सुटला. कोठ्याच्या मातीच्या भिंतीत घुसला. तिथून चार हातांवर आमची मंडळी तांदूळ पाखडत बसली होती.

मी आधी पोरालाच रागावलो. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाची ही खोड, चूक दिसली की पहिल्यांदा विद्यार्थ्याची धरायची. मग बांधाच्या मातीकडे तोंड करून त्याला दहा वेळा भरायला लावली आणि त्याच्या बोटांकडे बघत बसलो. दहापैकी तीन वेळा आपोआप सुटली. पोराची माफी मागितली.

या रायफलीचं आतलं काम तसं सोपं आहे. नळी मोडून खाली ओढली की जाड स्प्रिंग दबते, दट्ट्या मागे जातो आणि एक लहानशी पोलादी खाच त्याला अडवून धरते. चाप ओढला की खाच सरकते. सगळा भार त्या नखाएवढ्या कडेवर. ती कड नीट बसलेली नसली की नुसत्या धक्क्याने निसटते. आणि नळी उघडी असताना निसटली तर नळी जोरात वर येते, छर्रा ठेवणारी बोटं मध्येच असतात.

दुकानदाराला फोन केला. (दुकानाचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे.) म्हणाला, ‘आजोबा, नवीन माल आहे, थोडी चालवा, बसेल.’ दुसऱ्यांदा केला तर म्हणाला, ‘खालचा स्क्रू अर्धा आटा फिरवून बघा.’ जावईबापूंनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ शोधला आणि कानस घेऊनच आले. नातवाचं म्हणणं आणखी वेगळं: ‘आबा, रायफलीचा चाप हलकाच असतो.’ तेही खोटं नाही. स्पर्धेत एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा आहे की नाही हे वजन टांगून तपासतात, एअर रायफलीला मात्र तशी किमान मर्यादा नाही, म्हणून नेमबाज तो अगदी हलका ठेवतात. पण बाळा, हलका चाप वेगळा आणि न धरणारा चाप वेगळा. एक तू ओढल्यावर सुटतो, दुसरा त्याच्या मनाला येईल तेव्हा.

मी कानस काढून घेतली. घरात सगळ्यांना वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. त्यामागचं कारण आमच्या नातेवाइकांपैकी जुन्यांनाच माहीत आहे, आज लिहून टाकतो.

इटियाडोहचं धरण १९७० साली झालं. त्याच्या आधीची गोष्ट. धानात रानडुकरं पडायची म्हणून वडिलांकडे परवान्याची भरमार होती. ‘हिचा घोडा हळवा आहे, जपून’ असं ज्याच्या हातात द्यायची त्याला सांगून देत. कार्तिकातल्या एका रात्री काकांनी मचाणावरून उतरून ती बुंध्याला टेकवली आणि घोडा पडला. उजव्या पायाची दोन बोटं गेली. काका नंतर आयुष्यभर म्हणत, माझंच चुकलं, जोरात टेकवली. कुणी त्यांना नाही म्हटलं नाही. घोडा हळवा आहे हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. त्याच सकाळी तेल लावताना तो माझ्या अंगठ्याखालून निसटला होता, आणि मी बोललो नाही, कारण घरात ते नवीन नव्हतं.

म्हणून मला ‘थोडी चालवा, बसेल’ या वाक्याची चीड आहे. गळकी छत्री चालवून घ्यावी, करकरणारी सायकल चालवून घ्यावी. चाप नाही. यंत्र कुणाचंही बिघडतं. २५ जुलै २०२१ ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पण तिने बिघडलेलं तसंच दामटलं नाही, थांबून दुरुस्त करून घेतलं. परवान्याच्या बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवानाधारकानेच करायची असा १९५९ चा शस्त्र कायदा आहे. आमच्या या रायफलीला ते बंधन नसेल, पण म्हणून जावयाने ओसरीत बसून पोलाद घासावं का? शिवाय एकदा कानस लागली की दुकानदार म्हणायला मोकळा, बिघाड तुम्हीच केला.

तेव्हा मी जुना धंदा केला, अर्ज लिहिला. तारीख, पावती क्रमांक, दहापैकी तीन हा हिशेब, भिंतीतल्या छर्‍याचा फोटो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. हे तीन मुद्दे शेवटी अधोरेखित केले आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला.

नातू दोन दिवस बोलला नाही. सुट्टी वाया गेली म्हणे. तिसऱ्या दिवशी आपणहून विचारलं, ‘आबा, काका लंगडायचे का?’ म्हटलं, हो, पावसाळ्यात जास्त.

बाराव्या दिवशी दुकानातून फोन आला. रायफल बदलून देतो, पण नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. मी नाही म्हटलं आहे. रायफल छर्रा न भरता, बांधून, कुलपात आहे. किल्ली माझ्या जानव्याला.